आधी कागद, मग पाना

बाबांची लॅम्ब्रेटा मी आधी रंगाऱ्याकडे नेली आणि नंतर आरटीओत. नेमका इथेच क्रम चुकला. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये तिचा सांगाडा सँडब्लास्ट झाला, वर पावडर कोटिंग चढलं आणि पिस्त्याच्या रंगाची स्कूटर अशी काही देखणी झाली की सोसायटीतली पोरं फोटो काढायला खाली यायला लागली. पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी बाजूचं पॅनल उघडलं, सांगाड्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, नंबर कुठाय?"

नंबर रंगाखाली होता. जाड कोटिंगमध्ये तो बुजला होता आणि वाचता येत होते जेमतेम तीन आकडे. गाडी तशीच टेम्पोत घालून पार्ल्याला परत आणली.

मी सत्तावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. वस्तू नंतर, आधी तिचा कागद, हे मी नव्या पोरांना रोज सांगायचे. घरची गाडी आली तेव्हा मीच विसरले. तेव्हापासून बाबांची लॅम्ब्रेटा, दादाची साइडव्हील लावलेली स्कूटर आणि भाच्याची साइडकारवाली बुलेट अशा तीन वाकड्या वाटेच्या गाड्यांचे कागद मी हाताळले. लोक फोन करून विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

गाडी पास करणं म्हणजे आरटीओचा माणूस तीन ठिकाणचे आकडे जुळवतो: तुमच्या हातातलं आर.सी. पुस्तक, गाडीच्या लोखंडावर ठोकलेले चेसिस (सांगाडा) आणि इंजिन नंबर, आणि ‘वाहन’ या संगणक प्रणालीतली नोंद. तिन्ही जुळले की उरलेलं काम म्हणजे ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर. एक जरी जुळलं नाही तरी तुमची गाडी कितीही चकचकीत असू दे, ती कायद्याच्या लेखी ओळख नसलेलं लोखंड आहे. म्हणून गाडी घरी आली की पहिल्या दिवशी एकच काम करा. रॉकेल आणि चिंधी घेऊन दोन्ही नंबर स्वच्छ करा, वर पांढरा कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उमटतात. यालाच चेसिस प्रिंट म्हणतात. दोन-तीन प्रिंट काढून ठेवा, फोटोही काढा आणि मगच गॅरेजवाल्याचा नंबर फिरवा. त्यालाही बजावून सांगा की तेवढ्या पट्टीवर मास्किंग टेप लावायची, ब्लास्ट मारायचा नाही.

माझा बुजलेला नंबर पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशने हळूहळू उघडा पडला. एक आकडा मात्र शेवटपर्यंत संशयास्पद राहिला. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, पंच आहे माझ्याकडे, दोन मिनिटांत मारून देतो." असं कुणी म्हणालं तर तिथून गाडी उचला. हाताने ठोकलेला आकडा हे चोरीच्या गाडीचं पहिलं लक्षण मानलं जातं. नंबर खरोखर गेला असेल तर आरटीओकडे री-पंचिंगसाठी लेखी अर्ज करायचा आणि त्यांची परवानगी हातात आल्यावरच काम करायचं. माझ्या बाबतीत बाबांच्या जुन्या विमा पॉलिसीवर चेसिस नंबर टाइप केलेला होता, तो आणि पुस्तक दोन्ही दाखवल्यावर शंका मिटली. जुन्या पॉलिस्या रद्दीत घालू नका, एवढं त्यावरून शिकले.

आता लॅम्ब्रेटाचं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांच्या घरी असाच मामला असतो.

ही मुंबईच्याच एपीआय कंपनीची गाडी, १९६९ ची. नंबर एमएच येण्याच्या आधीचा, तीन अक्षरांचा. १९८८ चा मोटार वाहन कायदा आला आणि १९८९ पासून नवी नंबर पद्धत लागू झाली, पण जुने नंबर तसेच चालू राहिले. बाबा दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यायचे, शेवटचा शिक्का २०१७ चा, मुदत ऑगस्ट २०२२. जानेवारी २०२२ मध्ये बाबा गेले. मी जागी झाले ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

पहिला प्रश्न मालकीचा. मृताच्या नावावरच्या गाडीचं नूतनीकरण होत नाही, आधी ती वारसाच्या नावावर यावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. कायदा म्हणतो की मृत्यू तीस दिवसांत कळवा आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्या. आमच्याकडे एवढं कुणाला सुचलं नाही. तुमच्याकडे नुकतीच अशी वेळ आली असेल तर तेराव्यानंतरच्या कामांच्या यादीत गाडी घालाच. जिवंत मालकाकडून विकत घेतलेली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन दहा वर्षं कपाटात ठेवलेले लोक मी पाहिले आहेत. मधल्या काळात मालक वारला की ते कागद नुसते कागद.

दुसरा प्रश्न संगणकाचा. पुस्तकात २०१७ चा शिक्का आहे, पण ‘वाहन’च्या पोर्टलवर नंबर टाकला की गाडी सापडतच नाही, कारण हाताने लिहिलेल्या नोंदी सगळ्याच संगणकात चढलेल्या नाहीत. याला बॅकलॉग एन्ट्री लागते. मूळ पुस्तक, प्रिंट, ओळखपत्र घेऊन अर्ज द्यायचा. मग कार्यालय आपल्या जुन्या रजिस्टरमधली नोंद शोधतं आणि संगणकात भरतं. इथे घाई करू नका आणि एक गोष्ट हट्टाने करा: नोंद कायम होण्याआधी स्क्रीनवरचं वर्ष, सीसी, इंधन, चेसिस नंबर स्वतः वाचून घ्या. माझ्या नोंदीत उत्पादनवर्ष आधी चुकीचं पडलं होतं. त्याचा फटका पीयूसीला बसतो. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६०००. ऑइल मिसळून पेट्रोल पिणारी माझी म्हातारी दुसऱ्या मापात कधीच बसली नसती.

मोबाइल नंबरही तेव्हाच तपासा. सगळे ओटीपी त्यावर येतात. एजंट लावू नका असं मी म्हणणार नाही. रांगेत दिवस घालवणं प्रत्येकाला जमत नाही आणि फॉर्म भरून देणारा माणूस आपल्या वेळेचे पैसे घेतो. पण त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला की पुढच्या प्रत्येक कामाला तुम्हाला त्याच्याच दारात जावं लागतं.

मग नूतनीकरण. फॉर्म २५. मी गेले तेव्हा दुचाकीचं शुल्क १००० रुपये होतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला ते २००० झालं आहे, आणि परदेशी बनावटीच्या दुचाकीला २०,०००. उशिराचे दर महिन्याला ३०० रुपये. माझे चौदा महिने, म्हणजे ४२०० तिथेच गेले. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर, दुचाकीला तेव्हा पाच वर्षांचे २००० रुपये होते. विमा थर्ड पार्टीचाच घेतला. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला तेव्हा वर्षाचे ७१४ रुपये अधिक जीएसटी होते. एवढ्या सगळ्याची बेरीज रंगाच्या बिलाच्या निम्मीही नव्हती.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास सांगतो, "व्हिंटेजमध्ये टाका ना!" जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले, हे खरं. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पुनर्नोंदणीला ५०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मला मार्केटात जाऊन भाजी आणायची होती, डिकीत मेथी घालून. ज्या गाडीचं साधं नूतनीकरण होऊ शकतं तिला व्हिंटेज करणं म्हणजे स्वतःच्या पैशांनी तिचे पाय बांधणं, असं माझं मत. नोंदणी कधी झालीच नाही अशा संग्राहकाच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथेही कागदातून सुटका नाही: बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कागद), इथली असेल तर जुनं आर.सी. मागतातच.

आर.सी. हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, मग फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत. पण फॉर्म २६ मालकाने भरायचा असतो, भंगारवाल्याकडून गाडी उचलणाऱ्याने नव्हे. चोर बाजारात किंवा कुठल्याशा गोदामात कागद नसलेली जुनी जावा मोटरसायकल दिसली की हात शिवशिवतात, मला कळतं. तरी पैसे देण्याआधी नंबर पोर्टलवर टाका, मालक कोण ते बघा आणि चेसिस नंबरावरून ती चोरीला गेलेली नाही ना, याची एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीत खात्री करा. नोंदणी रद्द झालेली गाडी असेल तर ती शोभेलाच घ्या. ‘मिलिटरी डिस्पोजल’ची बुलेट म्हणून विकतात तिच्या लिलावाचे मूळ कागद मागा. सैन्याच्या गाड्यांची नोंदणी वेगळी असते, त्या बाहेर आल्या की नव्याने नोंदवाव्या लागतात. झेरॉक्सवर समाधान मानणाऱ्यांचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता ओंकार, माझा भाचा. त्याला बुलेटचं चॉपर करायचं होतं. हँडल वर, फोर्क पुढे, सीट खाली, सायलेन्सर कानठळ्या बसवणारा. गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं होतं, "करून घे, नंतर आर.सी.वर चढवू." त्यावर आमच्याकडे रविवारी दोन तास वाद झाला.

"मावशी, रस्त्यावर कितीतरी फिरतात तशा."

फिरतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नीट वाचलं तर कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळी पडणारी गाडी कुणालाच करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाचं सोडा. अपघात झाला आणि आर.सी.वर एक गाडी, रस्त्यावर दुसरी निघाली, की विमा कंपनीला पाय काढून घ्यायला तेवढं कारण पुरतं. ओंकारला मात्र कैद आणि विमा यांनी काही फरक पडला नाही. त्याला पटलं ते साडी गार्डमुळे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडहोल्ड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असावंच लागतं. चॉपरवर साडी गार्ड कसं दिसेल याचं चित्र त्याने डोळ्यांसमोर आणलं आणि विषय आपोआप संपला.

मग काय बदलता येतं? रंग बदलता येतो, पण आर.सी.वर नोंदवायचा. इंजिन त्याच मेकचं, त्याच प्रकारचं घालता येतं, पण आधी परवानगी, इंजिनाची पक्की पावती आणि नव्या नंबराची नोंद. मंजूर सीएनजी किट चालतं. पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक करता येते, पण पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेलं किट आणि ते बसवणारा अधिकृत माणूस हवा. लॅमिंग्टन रोडवरून मोटर आणि बॅटरी आणून घरी जोडलेली गाडी पास होत नाही. बदल झाला की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, हेही कलम ५२ मध्येच आहे.

साइडकारची मजा वेगळी. कायद्यातली मोटरसायकलची व्याख्याच अशी आहे की दोन चाकांची गाडी, आणि तिला जोडलेली, काढता येणारी, एक जादा चाक असलेली साइडकार धरून. म्हणजे साइडकार लावली म्हणून तुमची बुलेट तीनचाकी होत नाही, परवाना बदलावा लागत नाही. मात्र वजन आणि बसणाऱ्यांची संख्या बदलते, म्हणून ती आर.सी.वर चढवून घ्यायची. ओंकारला मी एवढंच सांगितलं: साइडकार विकत घेण्याआधी बनवणाऱ्याचं बिल, मापं आणि जोडणीचं रेखाचित्र माग, आणि ते घेऊन आधी आरटीओत विचारून ये. तोंडी ‘हो चालेल’वर पैसे देऊ नकोस, अर्ज टाकून उत्तर घे. जोडल्यावर वजनकाट्यावर गाडी तोलून पावती घ्यायची. इंडिकेटर आणि मागचा दिवा साइडकारच्या कडेलाही हवा, नाहीतर रात्री मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही.

दादाचं काम सगळ्यात सोपं झालं, आणि याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्याला लहानपणी पोलिओ झाला. गिअर नसलेली स्कूटर, मागे दोन बाजूंना दोन चाकं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी सोय केली की दिव्यांग माणसाला स्वतःच्या गाडीत त्याच्यासाठी फेरफार करून घेता येतो आणि मंजुरी नंतर घेता येते. बाकी सगळ्यांना आधी परवानगी, त्याला नंतर. आम्ही चाकं बसवून घेतली, बसवणाऱ्याचं बिल आणि दादाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन गेलो, गाडी तपासली गेली आणि आर.सी.वर ‘अडॅप्टेड व्हेइकल’ अशी नोंद आली. नवी गाडी घेत असाल तर फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय निवडा. ऑक्टोबर २०२० पासून तो आहे, आणि डीलरचा माणूस सवयीने ‘वैयक्तिक’वर टिचकी मारून मोकळा होतो. परवानाही अशाच गाडीचा लागतो, परीक्षा स्वतःच्याच गाडीवर देता येते. चाकं लावताना मात्र एक बघा: ती रुंद असतात, आणि पार्ल्याच्या गल्लीत दुतर्फा लावलेल्या गाड्यांमधून जाताना दादाने पहिल्याच आठवड्यात दोन आरसे उडवले.

इलेक्ट्रिक सायकलबद्दल रोज कुणीतरी विचारतो. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, आणि तिला तशी मान्यता असेल तर नोंदणी लागत नाही. त्याच सायकलला ७५० वॉटची मोटर लावली की ती मोटार वाहन होते, आणि नोंदणी करायला गेलात तर होत नाही, कारण तिचा निर्माता कुणीच नाही.

घरी बनवलेल्या गाडीचंही दुखणं तेच. नव्या नोंदणीला विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा फॉर्म २२ लागतो. फॉर्म २२ निर्माता देतो, आणि नियम १२६ प्रमाणे त्याचा नमुना चाचणी संस्थेतून पास झालेला असावा लागतो. एका माणसाच्या एका गाडीसाठी वेगळी वाट नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने किक मारून चालू होणारी छोटी जीप भंगारातून बनवली होती. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, आणि ती नियमात बसत नसल्याने अधिकारी कधीतरी अडवतील म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. हे ऐकून मला हळहळ वाटते. पण अशी गाडी बनवायची असेल तर ती अंगणापुरती, हे डोक्यात ठेवूनच बनवा.

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, इथे फॉर्म २७, आणि बारा महिन्यांत नवा नंबर. एनओसी मूळ प्रतीत घ्या. कर गाडीच्या वयावर बसतो.

पासिंगच्या दिवशी सकाळी लवकर जा. पिशवीत मूळ कागद आणि दोन झेरॉक्स संच, पेन्सिल, चिंधी, पॅनल उघडायचा पाना, जादा प्लग, अर्धा लिटर पेट्रोल. जुनी टू-स्ट्रोक घरून निघताना चालते आणि रांगेत तासभर उभी राहिली की फ्लड होते, म्हणजे इंजिनात जादा पेट्रोल जाऊन चालूच होत नाही. हॉर्नचा आवाज आदल्या रात्री तपासा. पाऊस असेल तर तारीख बदलून घ्या, ओल्या ड्रम ब्रेकवर कुणीच गाडी पास करणार नाही.

ओंकारची साइडकार जोडून तयार आहे. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे, वजनकाट्याची पावती माझ्याकडे आहे, आणि साइडकारमध्ये बसून यायचं मी कबूल केलंय, हेल्मेट घालून.